मदत हवी आहे : टीएसएच नॉर्मल, पण पेशींमध्ये टी३ पुरेसं असतं का?

नमस्कार मंडळी. थायरॉईडवरचं संशोधन वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. एंडोक्रायनॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीतलं कुणी असेल तर जरा हात द्या.

केंडॉल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये थायरॉक्सिन, म्हणजे टी४ हे थायरॉईडचं हार्मोन, वेगळं काढलं. टी३ हे पेशींमध्ये जास्त प्रभावी ठरणारं दुसरं हार्मोन सापडायला मात्र १९५२ उजाडलं. पुढे १९७० मध्ये थायरॉईड ग्रंथीच काम करत नसलेल्या, फक्त टी४ घेणाऱ्या लोकांच्या रक्तातही टी३ मिळालं. म्हणजे टी४मधला एक आयोडीन अणू काढून शरीर ते स्वतः बनवतं. नुसत्या टी४ची गोळी का पुरते, तेही यातून कळतं.

घोळ इथून पुढे. हे काम करणारी डीआयोडिनेज एन्झाइम्स प्रत्येक अवयवात सारखी नाहीत. टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. ती आपल्यापुरतं टी३ बनवून समाधानी झाली, तर टीएसएच नॉर्मलच दिसणार ना? मग यकृत किंवा स्नायूंत तेवढंच टी३ आहे, हे कशावरून? थायरॉईड ग्रंथी काढलेल्या उंदरांमध्ये फक्त टी४ देऊन सगळ्या अवयवांतली पातळी एकाच वेळी पूर्ववत होत नाही, असं दिसलंय. माणसात हे तपासणार कसं? बायोप्सी घेत तर कुणी बसणार नाही.

दुसरं, टी४ आणि टी३ एकत्र देऊन केलेल्या बहुतेक चाचण्यांत ठळक फायदा दिसला नाही. टी३चं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम एक दिवस, टी४चं जवळपास आठवडा. निकालांमागे हे कारण असू शकतं का? की डीआयओ२ या, एक डीआयोडिनेज बनवणाऱ्या जनुकातल्या फरकानुसार रुग्णांचे गट पाडायला हवे होते?

मला औषधाचा सल्ला नकोय. सोप्या भाषेत समजावणारं वाचायला काही असेल तर जरूर सुचवा.