गाडीच्या काचेला काळी फिल्म, उजेड मोजायचं मीटर नाही आणि पंधराशेचं चलन. हे बरोबर आहे का?

रानवाट_सातारा
मंडळी, डोकं शांत व्हायला दोन दिवस गेले म्हणून आज लिहितोय. गेल्या वर्षी कराडहून सेकंडहँड गाडी घेतली, बाजूच्या चारही काचांना आणि मागच्या काचेला फिल्म आधीपासूनच होती, जुना मालक म्हणाला सत्तर टक्केवाली आहे, म्हणजे सत्तर टक्के उजेड आत सोडणारी, कोण काय बोलत नाही. पहिल्यांदा अडवलं तेव्हा पाचशे भरले आणि गप्प बसलो. परवा वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून मिरजेहून येत होतो, डोळ्यावर काळा चष्मा, तरी ऊन लागतंय म्हणून ते मागं तोंडावर टॉवेल धरून बसलेले, आणि एका चौकात परत हात केला. मशीनवर नंबर टाकला, आधीचं चलन दिसलं, झालं, थेट पंधराशे. वर फिल्म इथंच काढा म्हणून ब्लेड हातात दिलं. अर्धा तास मी रस्त्याच्या कडेला वडिलांच्याच बाजूची काच खरवडत होतो आणि ते आत घामानं निथळत होते.

फिल्म लावणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण नियमात टक्के लिहिलेत ना, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५०, मग मीटर लावून मोजा की! नुसतं डोळ्यांनी बघून कसं ठरवता? आणि मी खरवडत असताना समोरून एक पांढरी मोठी गाडी गेली, काचा डांबरासारख्या काळ्या, पुढच्या काचेवर वरून वीतभर पट्टी आणि त्यावर भाऊंचं नाव. हात नाही, शिट्टी नाही, काही नाही. ती सोडून द्यायची आणि म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसवायचं, हा कुठला न्याय?

कृष्णाकाठची
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी तुमच्या विरोधात लिहिणार. मी सांगलीत रोज स्कूटीवरून मुलाला शाळेत सोडते. दुचाकीवालं माणूस गाडी बघत नसतं, ड्रायव्हरचं तोंड बघत असतं. मान कुठं वळली, आपल्याकडं बघितलं का, कानाला फोन आहे का, त्यावर मी ब्रेक धरायचा का पुढं जायचं ते ठरवते. काळी काच असली की समोर नुसता पत्रा येतोय.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास विश्रामबागेकडून येत होते. कडेला एक गाडी उभी होती, आत कोणी आहे हे दिसलंच नाही आणि ड्रायव्हरकडचा दरवाजा एकदम उघडला. हँडल अडकलं, मुलगा उडून डांबरावर. हनुवटीला पाच टाके. तो माणूस वाईट नव्हता हो, हात जोडून सांगत होता, ताई मी आरशात बघितलं होतं, दिसलाच नाही तुम्ही. मी नंतर त्याच्या सीटवर बसून बघितलं. बाजूचा आरसा काचेतूनच बघावा लागतो ना, वर पाऊस, वर काळी फिल्म, त्यात आरसा म्हणजे नुसता करडा डाग दिसत होता. तेव्हापासून मला पोलिसांनी फिल्मवाली गाडी अडवली की बरं वाटतं.

फिल्मवाला_एमएच१०
मी हेच काम करतो म्हणून सांगतो. "सत्तरची फिल्म आहे, चालतंय" हे निम्मे दुकानदार बोलतात आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. पण फिल्मचे सत्तर म्हणजे काचेचे सत्तर नव्हेत. कंपनीची काच आधीच हिरवट असते, समजा ती ७५ टक्के उजेड सोडती. त्यावर ७० ची फिल्म लावली तर पंचाहत्तरचे सत्तर टक्के, म्हणजे साडेबावन्न. बाजूच्या काचेला हे कसंबसं बसतं, मागच्या काचेला बसतच नाही. आणि ५० ची लावली तर साडेसदतीस, म्हणजे बाजूलाही गेलं. दादा, तुमच्या मागच्या काचेला सत्तरवालीच असली तरी मीटर लावून काय उपयोग झाला नसता. हे मी गिऱ्हाईकाला सांगतो, त्यातलं निम्मं गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात जातं.

रानवाट_सातारा
@फिल्मवाला_एमएच१० हे मला माहीत नव्हतं, मागच्या काचेचं मान्य. पण बाजूच्या काचांचं? तिथं तर तुम्हीच म्हणता बसतं म्हणून. म्हणजे मोजमाप पाहिजेच की.

वकिलीच्या_गोष्टी
इथं जरा घोळ होतोय. टक्केवारी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० मध्ये आहे, पण २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टानं अविषेक गोयंका प्रकरणात सांगितलं की काच कारखान्यातूनच तेवढ्या टक्क्यांची आली पाहिजे, वरून कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा दुसरं कुठलंही मटेरियल चिकटवायचं नाही. ४ मे २०१२ पासून हे देशभर लागू झालं. म्हणून गेली कित्येक वर्षं पोलिसांना मीटरची गरजच पडली नाही, फिल्म दिसली की चलन.

पण आता रानवाट यांचा प्रश्न पुन्हा जिवंत झालाय. नियम १०० मध्ये बदल होऊन १ एप्रिल २०२१ पासून सेफ्टी ग्लासच्या जोडीला सेफ्टी ग्लेझिंग हा शब्द आला, म्हणजे काचेच्या आतून प्लास्टिकचा थर असलेला प्रकार. त्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं म्हटलं की ठरलेल्या आयएस (भारतीय) मानकातली आणि ७०-५० च्या अटीत बसणारी फिल्म गाडीमालकानं लावली तरी दंड करता येणार नाही. हा निकाल केरळचा आहे, आपल्याकडच्या चौकातल्या हवालदारावर तो बंधनकारक नाही. पण हा मुद्दा आज ना उद्या आपल्या हायकोर्टात येणार आणि तेव्हा मीटर लागणारच.

रात्रपाळी
मी मिरजेत नर्स आहे. सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेअकराला एकटी गाडी चालवत घरी जाते. सिग्नलला थांबले की बाईकवरची दोन पोरं काचेला नाक लावून आत बघतात, एकदा तर अंकलीपर्यंत मागं आली. तेव्हापासून मी बाजूच्या काचांना हलकी फिल्म लावली. कृष्णाकाठची ताई, तुमच्या मुलाला लागलं ते चूकच, पण आत एकटी बाई आहे हे सगळ्या रस्त्याला कळावं का? माझ्यासाठी ती फिल्म म्हणजे घराची कडी आहे. ती काढायला लावणाऱ्यानं रात्री साडेअकराला त्या रस्त्यावर उभं राहावं.

कृष्णाकाठची
ताई, तुमची भीती मला कळते, मी पण बाईच आहे. पण काळी काच आतल्या बाईला झाकते तशी आतल्या गुन्हेगारालाही झाकते. डिसेंबर २०१२ मधली दिल्लीची ती बस आठवा, तिला काळ्या काचा आणि पडदे होते, आत काय चाललंय हे बाहेर कुणालाच दिसलं नाही. तुम्हाला जबरदस्तीनं आत कोंबलं तर तुमचीच फिल्म तुमच्या विरोधात जाईल. रात्रीची गस्त वाढवा म्हणून आपण मिळून निवेदन देऊ, मी सही करते. फिल्मसाठी नाही करणार.

रात्रपाळी
निवेदन द्याच. पण गस्त येईपर्यंत मी फिल्म काढणार नाही, पाचशे भरीन.

ऊसवाला
सगळी काचेवरच बसलाय. गळीत हंगामात या कधी आमच्याकडं. दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, टेप फुल्ल. त्यावर किती माणसं आदळली ते गावोगाव विचारा. ते अडवायला कोण उभं नाही, कारण कारखान्याचा ऊस थांबला की फोन येतो. काचवाला कसा, साधा माणूस, खिशातनं लगेच पैसे निघत्यात.

निवृत्त_हवालदार
३१ वर्षं नोकरी केली, त्यातली ९ ट्रॅफिकला, म्हणून खरं तेच सांगतो. भाऊंच्या गाडीला हात करत नाही हे खरं आहे. मी दोन वेळा केला होता. एकदा गाडी थांबली, काच चार बोटं खाली आली आणि आतून फोनच माझ्या हातात दिला. पलीकडून वरचे साहेब. दुसऱ्या वेळी आठ दिवसात माझी बदली घाटात, पावसाळ्यात, धुक्यात उभं राहायला. घरी बायको आजारी होती. त्यानंतर मी हात केला नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. कोर्टानं सूट दिली होती ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेवाल्यांना, गल्लीतल्या भाऊंना नव्हे.

पण रानवाट, म्हणून तुम्हाला सोडायचं हे काही पटत नाही. एक चोर सुटला म्हणून दुसऱ्याला सोडत नाहीत. तुमच्या बाबतीत चूक वेगळी झाली. पेशंट गाडीत असताना ब्लेड हातात द्यायला नको होतं. चलन करायचं, चार दिवसात काढून दाखवा म्हणायचं. आम्ही तसं करायचो.

आणि नुसत्या फिल्मचं धरून बसू नका. आरशाला लोंबणारे गोंडे, डॅशबोर्डवर हातभर मूर्ती, झेंडूची माळ, काचेच्या मधोमध मोबाईलचा स्टँड, हे सगळं ड्रायव्हरच्या नजरेआड एक आख्खा माणूस लपवतं. चालकाला अडथळा होईल असं काही ठेवायचं नाही हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२५ मध्ये आहे, पण देवाची मूर्ती काढा म्हटलं की लोक भांडायला उठतात. मीही भाविक आहे. देव डाव्या कोपऱ्यात खाली ठेवला तरी तो रागावत नाही.

कासचा_ड्रायव्हर
हवालदार काकांना अनुमोदन. यवतेश्वर घाटाच्या वळणांवर मोबाईल स्टँड नेमका उजव्या वळणाच्या तोंडावर येतो, मी तो काढून खाली एसीच्या जाळीला लावलाय. फास्टॅग मात्र पुढच्या काचेलाच पाहिजे, हातात धरून दाखवलेला चालत नाही, पण तो आरशाच्या मागं लावला की नजरेत येत नाही. आणि काळ्या काचावाल्यांनी भर दुपारी साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या रस्त्यात, एकदा उतरून बघावं. लख्ख उन्हातनं आत शिरलं की आधीच दोन-तीन सेकंद डोळ्यापुढं अंधार असतो.

रानवाट_सातारा
सगळं वाचलं. हवालदार काका, तुम्ही इतकं उघड लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझा राग त्या चौकातल्या पोलिसावर होता, तो आता फोन करणाऱ्यावर गेलाय. पण एक मागणी मी सोडणार नाही. गेल्या वर्षभरात काळ्या काचांची किती चलनं झाली, त्यातली पुढाऱ्यांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या गाड्यांची किती, आणि जिल्ह्यात मीटर किती आहेत, हे मी माहितीच्या अधिकारात विचारणार आहे. वकील साहेब, अर्जाचा मसुदा बघून द्याल का?

कृष्णाकाठची ताई, बाजूच्या चारही काचा काल साफ केल्या. संध्याकाळी बाजारात गेलो तर आरसा खरंच वेगळाच दिसला, हे मान्य करतो. वडिलांसाठी टोपी आणि मोठा गॉगल आणलाय. आता मागची काच राहिलीय.

वकिलीच्या_गोष्टी
मसुदा पाठवा, बघतो. पदाधिकाऱ्यांच्या गाड्या असं विचाराल तर माहिती उपलब्ध नाही म्हणून उत्तर येईल. तारीख, ठिकाण आणि गाडीचा प्रकार मागा, आकडे त्यातनं आपोआप बोलतील.

फिल्मवाला_एमएच१०
दादा, मागच्या काचेला ब्लेड अजिबात लावू नका. काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा असतात, एक तुटली की पावसाळ्यात तेवढी पट्टी धुरकटच राहती. साबणाचं कोमट पाणी मारा, हेअर ड्रायरनं शेक द्या आणि तारांच्या दिशेनं आडवी ओढा, हळूहळू. नायतर सांगलीकडं आलात की दुकानात या, मी काढून देतो, पैसे नकोत.