मदत हवी आहे: कोरी उपाशी राहतायत, खाली काही पोचतच नाही

बाळीवेसकर
कोरी (कोरिडोरस, टँकच्या तळाला राहणारे छोटे मिशीवाले मासे) आणून महिना झाला. आणल्या तेव्हा गुबगुबीत होत्या, आता चारातल्या दोघींची पोटं पार खपाटीला गेलीत. खायला टाकलं की वरचे मासे वरच्यावर खाऊन टाकतात, खाली एक दाणा पोचत नाही. दाणे बदलून बघितले, जास्त टाकून बघितलं, जास्त टाकलं की पाणी पांढरं व्हायला लागलं. जिथनं घेतल्या त्या दुकानवाल्याला विचारलं तर म्हणतो तळातले मासे आहेत, खाली पडलेलं खरकटं खातात, त्यांना वेगळं काही लागत नाही. पण खाली पडतच नाही तर त्या खाणार काय? आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं काम आहे, मे महिना म्हणजे ऐन सीझन, टँकपाशी बसायला वेळ नाही. पोरगी रोज विचारते पप्पा ती मिशीवाली हलत का नाही. आज एक फिल्टरच्या मागं कोपऱ्यात बसून आहे ती सकाळपास्नं तिथंच. काय करायचं तेवढं सरळ सांगा, लवकर.

होटगीरोडवाला
टँक केवढा, वर कोणते मासे आहेत, कोरी एकूण किती, दाणे तरंगणारे की बुडणारे, दिवसातनं किती वेळा टाकता, खाली वाळू आहे की खडे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

जुनाछंदी
एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आणून टाका. माझ्याकडं ५ वर्षं आहे, काच एकदम स्वच्छ ठेवतो, खाली काही साठूच देत नाही.

होटगीरोडवाला
अहो दादा, त्यांच्या खाली काही साठतच नाही हीच त्यांची अडचण आहे. त्यात सकर कशाला?

बाळीवेसकर
टँक दोन फुटी. कोरी ४. दाणे साधे, सकाळी दुकानाला जायच्या आधी एकदा टाकतो. खाली रंगीत खडे आहेत. सकर आधीपासनं आहेच, चारेक इंचाचा. वरचे मासे साधेच आहेत हो, त्यांचं काही नाही, ते मस्त आहेत. मला कोरीचं सांगा.

अनुभवाचेबोल
"साधे" म्हणजे कोणते ते सांगा की. सगळं त्यावरच आहे.

बाळीवेसकर
टायगर बार्ब. ८.

अनुभवाचेबोल
हां, आता कळलं. टायगर बार्बसारखा हावरा मासा नाही. कोरीच्या तोंडातला दाणा ओढून नेताना मी स्वतः बघितलंय. कोरी दाणा मिशांनी चाचपत चाचपत तोंडात घेते, तेवढ्यात वरनं बार्ब सूर मारतो आणि घेऊन जातो, ती बिचारी नुसती खडे उकरत राहते. त्यात तुमचे दाणे "साधे" म्हणजे तरंगणारे असणार. एका ग्लासात पाणी घ्या, चार दाणे टाका. पाच-दहा सेकंदात तळाला गेले तर बुडणारे. वर तरंगत बसले तर ते कोरीसाठी नाहीतच, कितीही टाका.

आणि दुकानवाल्यानं सांगितलेलं ते खरकट्याचं डोक्यातनं काढून टाका. कोरी नदीत अळ्या, किडे, बारीक जंत शोधून खाते, खरकट्यावर जगणारा मासा नाही तो. हे वाक्य ऐकून ऐकून लोकांनी किती कोरी उपाशी मारल्यात, मला फार वाईट वाटतं. मासा तळाला राहतो म्हणजे तो झाडूवाला नव्हे, त्याचं स्वतःचं जेवण त्याला द्यावं लागतं.

विजापूररोड
रात्री खायला द्या, विषय संपला. बार्ब डोळ्यांनी शोधून खातो, कोरी वासानं आणि मिशांनी. टँकची लाईट बंद करायची, खोलीतलीही बंद, अर्धा पाऊण तास थांबायचं, मग बुडणारे दाणे टाकायचे. बार्ब एका जागी सुस्त उभे असतात तेव्हा. मी असंच करतो, माझ्या ७ कोरी आहेत, दोनदा अंडीही दिली.

पाईपवाला
रात्रीनं काही होत नाही, तुमच्याकडं बार्ब नसतील म्हणून जमलं. माझ्याकडं होते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जरी खिडकीतनं आला तरी ते येतात. माझा उपाय ऐका. अर्धा इंची पीव्हीसी पाईप प्लंबिंगच्या दुकानातनं घ्या, टँकच्या उंचीपेक्षा दोन इंच जास्त लांब. खालचं टोक तिरकं कापा, करवतीनं होतं, धार पॉलिश पेपरनं घासून काढा नाहीतर माशांना लागते. पाईप कोपऱ्यात तळापर्यंत उभा करायचा आणि बुडणारे दाणे वरनं आत सोडायचे. दाणे थेट खाली उतरतात, वरच्यांना दिसतही नाहीत. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला बार्बसाठी तरंगणारे दाणे टाका. सगळे तिकडं पळतात.

विजापूररोड
पाईप मीही लावून बघितलाय. आठवड्यात बार्ब शिकतात, पाईप आत आला की खालीच जाऊन उभे राहतात. मासा मूर्ख नाही.

पाईपवाला
म्हणून तर दुसऱ्या टोकाला आधी टाकायचं आणि मग पाईप. क्रम चुकवला तर शिकणारच. तुम्ही क्रम सांगितलाच नाही.

विजापूररोड
क्रमाचा विषय नाही हो, रोज तेच करायला लागतं आणि माणूस दमतो. यांचा सीझन आहे, सकाळी घाईत पाईप धरून कोण उभं राहणार? रात्री घरी आल्यावर जेवण झालं की लाईट बंद आणि टाका, अर्ध्या मिनिटाचं काम.

बाळीवेसकर
मला दोन्ही जमेल हो, भांडू नका. दाणे ग्लासात टाकून बघितले, तरंगतात. पाच मिनिटं झाली तरी वरच. आज रात्रीपासनं काय टाकू ते सांगा. घरात शेवटी अल्गी वेफर सापडलं, ते चालेल का?

अनुभवाचेबोल
वेफर आजच्यासाठी चालेल, अगदीच उपाशी ठेवण्यापेक्षा. पण ते सकरचं खाणं, त्यात शेवाळ आणि वनस्पतीचा भाग जास्त. कोरीला माशांचं-किड्यांचं प्रोटीन लागतं. बुडणारे छोटे दाणे आणा, "सिंकिंग" लिहिलेलं बघून, आणि पाकिटावरच्या यादीत पहिलं नाव माशाची पूड किंवा कोळंबी असेल ते घ्या. आठवड्यातनं दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). सुकलेले ट्युबिफेक्सचे (बारीक जंतांचे) चौकोन आणलेत तर ते तरंगतात, त्यामुळं वाटीत पाण्यात भिजवून बोटानं हवा दाबून काढायची, मग ते खाली जातं. नुसतं टाकलं तर परत बार्बच खातील.

मीठाचीगोष्ट
एक चमचा जाडं मीठ टाका पाण्यात. मासा सुस्त असला की मी पहिलं हेच करतो, तरतरी येते.

होटगीरोडवाला
कृपया टाकू नका. कोरीला मीठ सोसत नाही. आणि हिला आजार नाही, भूक आहे.

मीठाचीगोष्ट
मी १२ वर्षं टाकतोय, माझा एकही मासा मिठानं गेला नाही.

होटगीरोडवाला
गोल्डफिश आणि मॉली असतील तुमच्याकडं. त्यांचं वेगळं.

मीठाचीगोष्ट
हो, मॉलीच आहेत. बरं, कोरीचं मला माहीत नव्हतं.

भीमाकाठी
सकरवरनं आठवलं म्हणून सांगतो. कृपया कुणी सकर मोठा झाला म्हणून तलावात, नदीत, धरणात सोडू नका. बाजारात तीन इंचाचा मिळतो आणि टँकमध्ये फूटभर होतो, मग लोक आपल्या सोलापुरातल्या कंबर तलावात नाहीतर सिद्धेश्वर तलावात नेऊन सोडतात आणि वाटतं पुण्य केलं. उजनी धरणात जाळी टाकणाऱ्यांना विचारा, हा हाडासारख्या कवचाचा काटेरी मासा जाळ्यात अडकतो, जाळं फाटतं, विकत कुणी घेत नाही. बाहेरनं आलेल्या चिलापीनं (तिलापिया) आधीच गावठी माशांचं जे करायचं ते केलं, आता हा.

उजनीचाचिलापी
चिलापीला नावं ठेवू नका दादा, उजनीचा चिलापी खाऊन आमची निम्मी गावं जगली. ताजा, बोटभर चटणी लावून तव्यावर तळला की बघा.

भीमाकाठी
खायला मी कधी नाही म्हटलं? सोडताना विचार करा एवढंच म्हणणं आहे.

होटगीरोडवाला
विषयावर येऊ या. बाळीवेसकर, टँकच्या पाण्याचं तापमान बघितलं का? सोलापूरचा मे आहे.

बाळीवेसकर
थर्मामीटर नाही. पण हीटर चालू आहे, दुकानवाल्यानं लावून दिला तसाच आहे.

होटगीरोडवाला
मे महिन्यात हीटर? आत्ताच्या आत्ता प्लग काढा. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, पत्र्याचं घर असेल तर खोलीत पस्तीस-छत्तीस. कोरीला २२ ते २६ बरं वाटतं. पाणी गरम झालं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि माशाची भूक मात्र वाढते, म्हणजे खायला जास्त लागतं आणि श्वास कमी. कोरी वर येऊन एकदम घोट घेऊन परत खाली जाते ते बघितलंय का? अधूनमधून चालतं, तिला आतड्यानं हवा घेता येते. पण दर मिनिटाला जात असेल तर पाण्यात दम राहिला नाही. दुकानातनं शंभराच्या आतबाहेर थर्मामीटर मिळतो, आजच आणा.

बाळीवेसकर
हो हो, वर जातात. मला वाटलं खेळतायत, पोरगी टाळ्या वाजवते. प्लग काढला. थंड कसं करू, बर्फ टाकू का?

होटगीरोडवाला
बर्फ थेट नको, एकदम फरक पडला तर जास्त त्रास. झाकण काढा, छोटा पंखा पाण्यावरनं तिरका वारा जाईल असा लावा. आपल्याकडं हवा कोरडी आहे, त्यामुळं पाणी पटापट उडतं आणि दोन-तीन अंश खाली येतं. उडालेलं पाणी रोज भरत राहा. एअर पंप २४ तास. वीज गेली तर मगनं पाणी वर उचलून ओता, दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यानंही फरक पडतो. झाकण काढलंय तर वर जाळी ठेवा, बार्ब उडी मारतात.

अनुभवाचेबोल
आणि पाणी पांढरं झालंय म्हणता ते दाणे कुजून. नळाचं पाणी आपल्याकडं चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं बदलणं राहून जातं हे मला कळतं, माझंही तसंच. आलेल्या दिवशी एक पिंप टँकसाठी बाजूला काढा, त्यात एक एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सोडून दिवसभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरिन उडतो. मग रोज एक बादली काढून एक बादली भरा. २४ बाय १२ बाय १५ इंचाचा असेल तर काठोकाठ ७० लिटर, खडे धरून ५५-६० च, म्हणजे एक बादली बरीच झाली. बोअरचं पाणी एकदम ओतू नका, जड असतं.

नवाशिकाऊ
माझ्या फ्लॉवरहॉर्ननं दोन दिवस काही खाल्लं नाही, त्याच्यासाठी कुठले दाणे चांगले?

होटगीरोडवाला
वेगळा धागा काढा दादा, इथं गोंधळ होतोय.

बाळीवेसकर
काल रात्रीचं सांगतो. हीटर काढला, पंखा लावला, थर्मामीटर आणला तर ३२ होतं, आज सकाळी २९. बुडणारे दाणे आणले. साडेअकराला सगळ्या लाईटी बंद केल्या, पोरगी झोपली नव्हती, ती माझ्या मांडीवर. बाराला सहा दाणे टाकले. दहा मिनिटं काही नाही. मग मोबाईलची लाईट भिंतीकडं करून बघितलं तर दोन कोरी तोंड खाली, शेपटी वर करून खड्यांमध्ये घुसत होत्या, दाणा फुटून त्याचा बारीक भुगा मिशांवर लागला होता. बार्ब मधल्या झाडापाशी उभे, एकदाच एक आला. पोरगी म्हणाली पप्पा ती जेवतेय. मला सांगता येत नाही किती बरं वाटलं.

पण तिसरी आली, चौथी, ती फिल्टरमागची, आलीच नाही. तिच्याजवळ दाणा नेऊन टाकला चमच्यानं, ती हुंगून परत मागं सरली. आणि दिवसा बघितलं तर तिच्या मिशा बाकीच्यांपेक्षा आखूड दिसतात, एका बाजूला नाहीतच. हे काय?

अनुभवाचेबोल
तुमचे खडे. रंगीत खड्यांच्या कडा टोकदार असतात, मधल्या फटीत घाण साठते, त्यानं मिशा झिजतात आणि कुजतात. मिशा नसल्या की दाणा सापडत नाही, सापडला तरी उकरता येत नाही. खडे काढा. सगळे एका दिवशी नको, एक बाजू आज, दुसरी आठवड्यानं, कारण खड्यांवरच पाणी स्वच्छ ठेवणारे जंतू असतात. वाळू घालायची तर बारीक आणि गोल कण असलेली, बांधकामाची धारदार नको, बादलीत पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मिशा मुळापासनं गेल्या नसतील तर हळूहळू परत येतात, माझ्या एकीच्या आल्या.

पाईपवाला
हिच्यासाठी तरी पाईप करा. तिला शोधावं लागणार नाही, दाणा तिच्या तोंडासमोरच उतरेल.

विजापूररोड
हिच्यासाठी पाईप बरोबर आहे. बाकीच्यांना रात्री.

अनुभवाचेबोल
शक्य असेल तर तिला दोन आठवडे वेगळी ठेवा. दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा डबा, स्पंज फिल्टर, टँकचंच पाणी, खाली काहीच नको, नुसता तळ. दिवसातनं दोनदा दोन-दोन दाणे, तासाभरानं उरलेलं काढून टाका. जाळीनं पकडू नका, परांचे काटे जाळीत अडकतात, मग पर फाटतात. वाटीनं उचला.

बाळीवेसकर
पापडाचा मोठा डबा आहे, झाकण काढून तो वापरतो. स्पंज फिल्टर नाही, संध्याकाळी आणतो. तोवर एअर स्टोन सोडून ठेवू का तसाच?