मदत हवी आहे: घरातल्या एलईडी दिव्यांखाली मेथी-कोथिंबीर

कुंडीवाली_इंदिरानगर:
नाशिक, इंदिरानगर. तळमजला, खिडक्या उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. ऊन शून्य. ड्राय बाल्कनीत लोखंडी रॅक आहे, फळी ४ फूट बाय १ फूट. मेथी, कोथिंबीर, पुदिना आणि जमली तर तुळस लावायची आहे. सध्या ३ फूट वर ९ वॅटचा एलईडी बल्ब आहे. मेथी उगवते छान, पण दोऱ्यासारखी लांब होते आणि आडवी पडते. जांभळे ग्रो लाइटच घ्यावे लागतील का? पाणी आणि वीज शेजारी-शेजारी, घरात लहान मूल, त्याचीही धास्ती आहे.

पालेभाजी:
जांभळा नको. पांढऱ्या एलईडीवर पालेभाजी व्यवस्थित येते. उलट जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय का, मावा आलाय का, काही दिसत नाही.

तुमच्याकडे उजेडच कमी पडतोय. ९ वॅटच्या बल्बचे साधारण ९०० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) खोलीभर पसरतात. ३ फूट खाली फळीवर जेमतेम २००-३०० लक्स (एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) उरतो. बसून पेपर वाचायला तो पुरे, मेथीला हवेत १०,००० च्या आसपास.

२० वॅटच्या ४ फुटी बॅटन (पट्टीसारखे लांब एलईडी दिवे) घ्या, ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या. एकीचे साधारण २००० ल्युमेन, पण खोक्यावरचा आकडा वाचूनच घ्या. तीन बॅटनचे ६०००. त्यातला तीस टक्के इकडेतिकडे सांडतो धरलं तर ४२०० ल्युमेन तुमच्या ०.३७ चौरस मीटर फळीवर, म्हणजे ११,००० लक्स. दोन बॅटनमध्ये ७,५०० च येतो. कोवळी मेथी निघेल, कोथिंबीर मरगळलेलीच राहील.

पानांच्या शेंड्यापासून ६ ते ८ इंच वर टांगा, साखळीवर, म्हणजे रोपं वाढतील तशा उचलता येतील. बॅटनच्या दोन्ही टोकांखाली उजेड बराच कमी असतो, म्हणून दर दोन दिवसांनी कडेचे ट्रे मध्ये सरकवा. मोबाइलवरचं लक्स ॲप अंदाजापुरतं ठीक. फोन पानांच्या उंचीवर, ज्या बाजूला सेन्सर असेल ती वर करून ठेवा.

रोज १२ ते १४ तास. त्यापेक्षा जास्त दिलं तर कोथिंबीर लवकर फुलावर जाते. ६० वॅट गुणिले १४ तास म्हणजे महिन्याला २५ युनिट. तुळस जगेल, पण विरळच. मिरची-टोमॅटोच्या नादाला या उजेडात लागू नका.

गोदाकाठ:
नवीन बॅटन कशाला? आहे त्या बल्बचं पांढरं टोपण काढून टाका आणि बल्ब खाली आणा. उजेड बराच वाढतो.

वायरमन_सातपूर:
बल्ब खाली आणा, पण टोपण अजिबात काढू नका. स्वस्त बल्बचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट) आयसोलेटेड, म्हणजे घरच्या लाइनपासून वेगळा केलेला नसतो, आतल्या एलईडीच्या पट्टीवर थेट घरच्या लाइनचा व्होल्टेज असू शकतो. त्यावर ओल्या हाताने पाणी फवारलं तर?

ताई, बॅटन आयपी ६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारी घ्या. साधी बॅटन पाण्याच्या फवाऱ्यासाठी नसते. त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नंबर बघा. जंतू मारायच्या यूव्ही-सी ट्यूबही बाजारात मिळतात, त्या यासाठी नाहीत. डोळे आणि कातडी भाजते.

एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा स्विच) शॉकपासून वाचवत नाही. या लाइनवर ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवीच, महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबायचं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीला मुलाच्या हाताच्या वर ठोका. वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळ सोडा. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. फवारणी दिवे बंद असतानाच.

टायमर डिजिटल घ्या, बॅटरी बॅकअपवाला. फिरत्या चकतीवरच्या खुंट्यांचा टायमर वीज गेली की थांबतो, आणि मग दिवे रात्री अकराला लागतात.

कुंडीवाली_इंदिरानगर:
दोघांचेही आभार, बॅटनच घेते. रॅकला अर्थिंग लागेल का? त्याला निळा रंग मारलेला आहे.

वायरमन_सातपूर:
लागेल. हिरवी वायर रॅकच्या पायाला नट-बोल्टने जोडा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, दातेरी वॉशर टाका. रंगावरच बोल्ट आवळला तर वायर जोडलेली दिसते, अर्थिंग मात्र लागत नाही. फळ्या सुट्या असतील तर मल्टिमीटरने प्रत्येक फळी ते अर्थ असं तपासा, आकडा १ ओहमच्या आत यायला हवा.