प्रति: अलाइनमेंट जमलं, तरी स्थानक हुकतंय
संगणकीय दुर्बिणीचं दोन ताऱ्यांचं अलाइनमेंट (दोन ओळखीचे तारे दाखवून तिला आकाशातल्या दिशा पटवणं) पक्कं असलं की अंतराळ स्थानकही आपोआप सापडतं, हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. गुरू-शनीला तेवढं पुरतं. घड्याळातली थोडी चूक अलाइनमेंटमध्येच जिरते. स्थानक मात्र डोक्यावरून जाताना सेकंदाला साधारण १ अंश सरकतं, म्हणजे दोन पूर्णचंद्रांएवढं. हँड कंट्रोलरची, म्हणजे दुर्बिणीच्या रिमोटची, वेळ २ सेकंद चुकली की आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, ते केव्हाच पसार! म्हणून मी वेळ मोबाइलवर बघून सेकंदासकट भरतो आणि कक्षेचे आकडे, म्हणजे टीएलई, त्याच दिवशीचे घेतो. जुन्या आकड्यांवर एकदा रिकामं आकाश न्याहाळत बसलोय.

आणि अल्ट-अझिमथ माउंट (दुर्बीण वर-खाली आणि आडवी फिरवणारा स्टँड) असेल तर स्थानकाची अगदी माथ्यावरून जाणारी फेरी सोडाच. तिथे आडव्या मोटरला क्षणात अर्धं वर्तुळ फिरावं लागतं, ते तिला झेपत नाही. क्षितिजापासून ५०-६० अंशांवरून जाणारी फेरी धरा.