जेवढी मतं तेवढ्या जागा, आपल्याकडे जमेल का?

कोरडवाहू
२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात आघाडी आणि महायुती दोघांनाही साधारण ४३-४४ टक्के मतं, जागा मात्र ३० आणि १७. सहा महिन्यांनी विधानसभा, तिथे महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून ४८ टक्के मतं आणि २८८ पैकी २३० जागा. कोण जिंकलं हा मुद्दाच नाहीये, एकदा इकडे एकदा तिकडे फायदा झालाय. पण माझ्या मतदारसंघात वर्षानुवर्षं एकच पक्ष येतो, मी दुसऱ्याला देतो, आणि माझं मत कुठेच पोचत नाही, हे खूप लागतं मनाला. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे पक्षाला जेवढे टक्के मतं साधारण तेवढेच टक्के जागा, नेमकं कसं असतं, कोणी नीट सांगेल का?

पेठकर७२
अजून एक आकडा घ्या. त्याच विधानसभेत शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्क्यांवर मतं, आमदार १०. अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के, आमदार ४१. म्हणजे मतं कमी आणि आमदार चौपट! जागा कोणी किती लढवल्या, समोर कोण होतं हे सगळं धरूनही हे पटण्यासारखं नाही. देशातही तेच, २०१४ ला यूपीत बसपाला १९ टक्क्यांवर मतं आणि ८० पैकी एकही खासदार नाही.

आणि ही पद्धत आपल्याला नवी नाही हो. राज्यसभा, विधान परिषदेला आमदार पसंतीक्रमानेच मत देतात, तो कोटा म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, पहिल्या पसंतीची मतं, सगळं टीव्हीवर बघतोच की आपण. महापालिकेची स्थायी समितीसुद्धा पक्षांच्या तौलनिक संख्याबळावर भरतात. फक्त सामान्य मतदाराला तेवढं मिळत नाही.

बांधावरून
माझा विरोध आहे. आमच्याकडे रस्ता, डीपी, पीकविमा कशासाठीही माणूस आमदाराकडेच जातो. पक्षाला मतं द्यायची आणि त्या प्रमाणात पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून आमदार घ्यायचे, तर असा यादीतून आलेला आमदार कोणाचा? यादी बनवणार पक्षाध्यक्ष, म्हणजे तिकिटासाठी आत्ता जे होतं त्याच्या दुप्पट लाचारी. बाबासाहेबांनीही १९४९ मध्ये घटनासमितीत याला विरोध केला होता, देशात साक्षरता कमी आहे आणि सभागृहाचे तुकडे होऊन सरकार स्थिर राहणार नाही म्हणून.

ऑकलंडची_मीरा
दादा, तुमची आमदाराची काळजी अगदी बरोबर आहे, म्हणूनच न्यूझीलंडची पद्धत सांगते. मी इथे परमनंट रेसिडेंट म्हणूनही मत दिलंय, नागरिकत्वाची अट नाही. एकाच कागदावर दोन मतं असतात, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला. भागातला उमेदवार आपल्यासारखाच निवडून येतो, काम घेऊन त्याच्याकडेच जायचं. मग पक्षाला देशभर किती टक्के मतं मिळाली ते बघतात आणि भागांतून जेवढ्या जागा कमी पडल्या तेवढ्या यादीतून देतात. फालतू पक्षांची गर्दी नको म्हणून ५ टक्के मतं नाहीतर निदान एक मतदारसंघ जिंकलेला पाहिजे. इथेही आधी आपलीच पद्धत होती, १९७८ आणि १९८१ ला लेबर पक्षाला मतं जास्त आणि सरकार नॅशनल पक्षाचं, लोक वैतागले, १९९३ ला सार्वमत घेऊन बदललं, १९९६ पासून हेच चालू आहे. २०११ ला परत विचारलं तेव्हाही लोकांनी हेच ठेवलं.

बांधावरून
आणि राखीव जागा?

ऑकलंडची_मीरा
मतदारसंघ राहतातच ना, त्यामुळे राखीवही राहू शकतात. इथे माओरी लोकांच्या वेगळ्या जागा आजही आहेत.

पेठकर७२
स्थिरतेचं म्हणाल तर २०१९ ते २०२४ मध्ये आपण फडणवीस, ठाकरे, शिंदे असे तीन मुख्यमंत्री बघितले, तेही सध्याच्याच पद्धतीत. आणि साक्षरता १९४९ ची राहिली नाही आता. यादीबद्दलची भीती मात्र खरी आहे, उमेदवारांचा क्रम पक्षाच्या सभासदांनी मतदानाने ठरवावा असा कायदा सोबतच हवा, त्याशिवाय मीही पाठिंबा देणार नाही.

रस्ता आहे. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात सांगितलंय की लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवा आणि त्या वाढीव जागा यादी पद्धतीने भरा. नव्या संसदेत लोकसभेला ८८८ खुर्च्या आहेत, खासदार ५४३. मतदारसंघ पुनर्रचनेत जागा वाढवायची चर्चा चालूच आहे, तर निदान वाढीव जागा तरी ज्याला मतांच्या मानाने कमी मिळाल्या त्याला भरपाई म्हणून द्या, असं आपण आपापल्या खासदाराला आत्ताच लिहायला पाहिजे. मी मसुदा करतो, उद्या इथेच टाकतो, बांधावरून यांनी यादीबद्दलचा मुद्दा त्यात त्यांच्या शब्दांत घालावा.