टायमिंग चेनचा आवाज: पूर्ण किट टाकायचं की नुसता टेन्शनर?

पाना_तेरा
कॉम्पॅक्ट पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, दीड लाख किमीच्या पुढे गेलीये. थंड इंजिन चालू केलं की दोन-तीन सेकंद खडखड, मग एकदम शांत. स्कॅनर लावला तर पी००१६ कोड, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाहीये, आणि त्या दोघांना जोडते ती हीच टायमिंग चेन. मेकॅनिक म्हणतोय चेन, गाइड (चेन ज्यावर घासत जाते त्या पट्ट्या), टेन्शनर (चेन ताणून धरणारा), स्प्रॉकेट (दातेरी चाकं) सगळं बदला. माझं म्हणणं, टेन्शनर सैल पडला असेल तर तेवढाच बदलावा ना, चेन लोखंडाची आहे, मॅन्युअलमध्ये ती कधी बदलायची ते दिलेलंच नाही, बेल्टची कटकट नको म्हणून तर चेनवालं इंजिन घेतलं. उगाच इंजिन खोलायला लावतायत असं वाटतं. पटत नसेल तर भांडा.

ऑइलखाऊ
भांडतोच. मॅन्युअलमध्ये आकडा नाही म्हणून चेन झिजत नाही असं कुठे आहे? पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसाएवढी फट पडते आणि असे शंभरेक सांधे धरले की चेन लांब झाली. मग कॅम मागे पडतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते दिसतं आणि तुझा कोड येतो. टेन्शनर फक्त ढिलाई ओढून धरतो, चेनची लांबी कमी करत नाही. नवीन टेन्शनर टाकलास तर आवाज जाईल कदाचित, कॅम मागे तो मागेच. आणि इंजिन इंटरफरन्स असेल, म्हणजे टायमिंग चुकलं की पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांच्या वाटेत येतात असं (हल्लीची बहुतेक तशीच असतात) तर चेनने चार दात उडी मारली की पिस्टन व्हॉल्ववर आपटणार, व्हॉल्व वाकले की हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवा.

मीटर_बघणारा
थांबा जरा, लगेच हेड कुठे उतरवताय. पी००१६ आला म्हणजे चेन गेली हे कुणी ठरवलं? व्हीव्हीटीचा (व्हॉल्व उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड, म्हणजे तिला ऑइल सोडणारा विजेचा व्हॉल्व, घाण ऑइलने अडकला तरी हाच कोड येतो, फेजर (कॅमच्या टोकाला बसून त्याला पुढेमागे फिरवणारा भाग) अडकला तरी येतो, सेन्सरची वायर खराब असली तरी येतो. आणि सुरुवातीची खडखड, हायड्रॉलिक टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रभरात ऑइल खाली उतरलं तर प्रेशर येईपर्यंत वाजणारच. ऑइल फिल्टरमधला उलट जाऊ न देणारा व्हॉल्व फालतू असला तरी तेच. आधी लेव्हल बघ, ऑइल-फिल्टर बदल, सोलेनॉइड साफ कर, मग स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावून क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकावर एक टाकून किती अंश फरक आहे ते बघ. काही इंजिनांत टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते कव्हर न काढता झाकणातून दिसतं, शेवटच्या खाचेपर्यंत आला असेल तर विषय संपला.

सावकाश_चालवा
माझ्या मते तर एवढं मोजत बसायचंच नाही, एक लाख झाले की किट टाकून मोकळं व्हायचं. चेनची बदनामी उगाच नाही झालेली, फोक्सवॅगन ग्रुपच्या जुन्या ईए१११ मालिकेतल्या १.२ टीएसआयला चेन होती आणि तिच्या तक्रारी गाजल्या, पुढच्या ईए२११ला त्यांनी सरळ बेल्ट दिला. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेलची चेन तर गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे तिथे पोचायलाच किती खोलायचं.

ऑइलखाऊ
हे मात्र अजिबात पटलं नाही. दोन-चार बदनाम इंजिनं पकडून सगळ्यांना एक लाखाचा नियम? वेळेवर ऑइल बदललेल्या कित्येक चेन इंजिनाबरोबरच भंगारात जातात. शिवाय चांगलं चाललेलं इंजिन खोलणं फुकटचं सुरक्षित काम नाही, पुढचं कव्हर काढायला माउंट सोडा, बऱ्याच गाड्यांत चेंबरही (खालचं ऑइलचं भांडं) उतरवा, परत बसवताना सीलंट जास्त लावलं तर आतले तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जातात. आणि काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावीच (जागेवर अडकवणारी खीळ) नसते, नुसत्या बोल्टच्या आवळण्यावर बसलेलं असतं, लॉकिंग टूल न लावता बोल्ट सोडला की टायमिंग गेलंच. मेकॅनिक तिथे मार्करने खूण करतो म्हणाला तर गाडी परत घेऊन ये.

पाना_तेरा
म्हणजे तुम्हीच म्हणताय खोलणं धोक्याचं आणि मलाच म्हणताय सगळं खोल 😀

ऑइलखाऊ
तुझ्या गाडीला लक्षणं आहेत रे दादा. सावकाश_चालवा म्हणतोय त्या गाड्यांना नाहीत.

मीटर_बघणारा
आणि खोललंच तर अर्धवट नको, इथे मी ऑइलखाऊंच्या बाजूने. लेबर सगळी कव्हरपर्यंत पोचायची असते, आत पाच मिनिटांच्या अंतरावर जुने गाइड सोडून यायचे म्हणजे कमाल. गाइडचं प्लॅस्टिक कडक होऊन तुटतं, तुकडे चेंबरमध्ये. स्प्रॉकेट पण बदल, निदान क्रँकचं तरी, त्याला कॅमच्या निम्मे दात असतात त्यामुळे प्रत्येक दात कॅमच्या दातापेक्षा दुप्पट वेळा चेनला भेटतो, झिजलेल्या दातांवर नवीन चेन बसवली की तीही लवकर जाते. बसवून झालं की टेन्शनर दाबून धरणारी पिन काढायची, क्रँक हाताने सरळ दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचा (तेव्हा कॅमचा एक होतो) आणि खुणा परत बघायच्या. चेनच्या रंगीत कड्या तेव्हा जुळणार नाहीत, त्याला घाबरू नकोस, खुणा पुलीच्या आणि कॅमच्या बघायच्या.

सावकाश_चालवा
मोजमाप करणारे मेकॅनिक मिळाले तर बोला. स्कोप किती जणांकडे असतो? म्हणून माझा लाखाचा नियम.

पाना_तेरा
बरं, आधी ऑइल, फिल्टर, सोलेनॉइड, मग सिग्नल बघून घेतो. फरक दिसला तर किट. पण फेजरचं काय, किटमध्ये तो येत नाही म्हणतायत, तोही टाकायचा का?

मीटर_बघणारा
हाताने हलवून बघायला सांग. त्याची लॉक पिन सैल असेल तर थंड इंजिनला तोच वाजतो आणि सगळं किट टाकूनही खडखड तशीच राहते. घट्ट असेल तर राहू दे जुना.

ऑइलखाऊ
राहू दे काय, दीड लाख झालेत, टाक की तोही.