शुगर असलेला बोका घरात घ्यावा का?

गोडोलीकर
साताऱ्यात शाहूपुरीत एक मावशी सोडून दिलेली मांजरं सांभाळतात. त्यांच्याकडे सात-आठ वर्षांचा बोका आहे. मालकांची बदली झाली आणि ते याला पार्किंगमध्येच ठेवून गेले. नसबंदी झालेली, स्वभाव गरीब, पण शुगर आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. बघायला येणारे पिल्लू उचलतात आणि निघतात. माझं मत असं की पिल्लापेक्षा हा बरा. पिल्लू पुढे कसं निघेल देव जाणे, याचं सगळं समोर आहे. विरोध असेल तर मुद्द्याचा करा.

नाक्यावरचा चहा
मुद्द्याचाच करतो. बारा-बारा तासांनी सुई, तीही बाराही महिने. गावच्या जत्रेला जाणार का? कोल्हापूरला लग्न निघालं तर मुक्काम करणार का? धडधाकट मांजराला शेजारी खायला घालतील, सुई कोण टोचणार? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

करंजेकर
आमच्या वाड्यावर मांजरं दूध-भाकरीवर म्हातारी झाली. शुगर कसली न् काय कसली.

सदरबझारची ताई
करंजेकर दादा, तुमची मांजरं दिवसभर उंदीर मारत होती, हे विसरलात. मांजर मूळचं मांसाहारी. फ्लॅटमध्ये बसून कोरडं खाणं खाऊन सुटलेले, नसबंदी झालेले बोकेच या आजारात जास्त सापडतात.

आता सुईचं. आमच्या मांजरीला देतो म्हणून सांगते. ताटली पुढे ठेवायची, ती खायला लागली की पाठीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि टोचायचं. तिची मान वरसुद्धा होत नाही. खरी भीती सिरिंजची. मेडिकलमध्ये लाल टोपणाची मिळते ती एका मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनची, केशरी टोपणाची १०० वाल्याची. मांजरांना देतात ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन सहसा १०० चं असतं. ते लाल सिरिंजनं भरलं तर एकाच्या खुणेला अडीच युनिट जातात, आणि मांजराचा डोसच मुळात एक-दोन युनिटचा! मेडिकलवाला घाईत कुठलीही देतो, टोपण आपण बघायचं. बोका जेवला नाही तर नेहमीचा डोस डोळे झाकून द्यायचा नाही, आधी डॉक्टरांना फोन. साखर फार उतरून लडखडायला लागला तर हिरड्यांना मध चोळायचा आणि तडक दवाखाना.

नाक्यावरचा चहा
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. कुठला दवाखाना? इथले निम्मे डॉक्टर गाई-म्हशींत. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कबूल. पण रात्री खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे अडकलात म्हणजे?

सदरबझारची ताई
हे मात्र खरं आहे. म्हणून रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधी गाठायचा, बोका नंतर. कमी पिष्टाचं ओलं खाणं आणि वेळेवर इन्सुलिन मिळालं तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंही. पण त्या आशेवर घेऊ नका, सुटलेलं परत लागू शकतं.

माची पेठ
मावशींकडे फ्रुक्टोसामाइनचा, म्हणजे मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आहे का विचारा. दवाखान्यात नेलं की नुसत्या धास्तीनं मांजराची साखर चढते. त्या एका आकड्यावर शुगरचा शिक्का मारला असेल तर पुन्हा तपासून घ्या.

गोडोलीकर
रिपोर्ट विचारतो. जत्रेच्या वेळी मावशी ठेवून घेतील, तसं बोलणं झालंय. रविवारी त्यांच्यासमोर मीच टोचून बघणार आहे.

नाक्यावरचा चहा
आणि तुमची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा? वहिनींना विचारलंय का?

गोडोलीकर
विचारलं. सासऱ्यांचं इन्सुलिन तीच द्यायची, सुईचं तिला काही नाही. तिचं भांडण नवीन सोफ्यावरून चाललंय.